गव्हाच्या कोठीतला उकंडा

५ जानेवारी

तायड्यांकडची मंडळी आज अकोल्याहून आली आणि जेवून गेली. मुलगा धर्मपाल बरा आहे. बँकेत आहे, बोलताना समोरच्याकडे पाहतो. त्याचे वडील जानराव तायडे म्हणजे निवृत्त तहसीलदार. पोह्यांच्या बशीकडेही अर्ज आल्यासारखे पाहतात.

प्रियदर्शनी आमची एकुलती एक, सत्तावीस वर्षांची, अकोल्यात नोकरीला. त्या दोघांचं त्यांनीच ठरवलंय, आम्ही फक्त हो म्हणायचं होतं. तेवढंही आमच्या कलावंतांना जमलं नाही. जानरावांनी सरळ विचारलं, "देवानंदजी, तुमी मुलीचे वडील. पोरगी सोभावानं कशी हाय, तुमीच सांगा." हे उठले, आतल्या खोलीत गेले आणि उकंड्याला, म्हणजे आपल्या बोलक्या लाकडी बाहुल्याला, आणून मांडीवर घेऊन बसले. उकंड्याने मान फिरवली, डोळे मिचकावले आणि म्हणाला, "आईसारखी. न्याचं असन तर छत्री आना."

तायडे कुटुंब लोळून लोळून हसलं. जानरावांनी रुमालाने डोळे पुसले. छत्रीची गोष्ट मी पूर्वी कधीतरी सासूबाईंच्या बोलण्याच्या सरींबद्दल म्हटली होती. असल्या गोष्टी सगळ्यांनाच सुचतात म्हणायचं. प्रियदर्शनी मात्र उठून स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून म्हणाली, "आई, साखरपुड्यात बाबा सोता बोलले पाहिजे. तो लाकडाचा बोलला तं मी उठून जाईन, सांगून ठेवते."

साखरपुडा दोन फेब्रुवारीला, अकोल्यात.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासता घासता म्हटलं, "तहसीलदार रिटायर झाला, पन खुर्ची अजून बुडाले चिकटली हाय. उठला का तीही संगं उठते." हे नेहमीसारखे दारात पाटावर बसून लसूण सोलत होते. हसले नाहीत. हसत नाहीतच. खिशातली छोटी वही काढून काहीतरी खरडलं आणि पुन्हा लसूण.

७ जानेवारी

स्वेच्छानिवृत्तीनंतर ही वही लिहायला घेतली, कारण तीस वर्षं वॉर्डात ड्युटी बदलताना रजिस्टर लिहायची सवय. रुग्णाची स्थिती, दिलेले उपचार, पुढच्या सिस्टरसाठी सूचना. तेव्हा आज घरच्या रुग्णाची माहिती लिहून ठेवते.

शब्दभ्रमकार देवानंद. वय बासष्ट. विदर्भात असं गाव नाही जिथं या माणसाचा खेळ झाला नाही. टीव्हीवर चार वेळा, मस्कतला दोन वेळा. मोर्शीच्या एका संत्रावाल्याने तर नातवाच्या बारशाला यांच्या वजनाइतकी संत्री दिली होती, ती आम्ही महिनाभर खात होतो. घरात मानचिन्हं इतकी की धूळ पुसायला एक दिवस जातो. आणि हे सगळं कशासाठी, तर ओठ न हलवता बोलता येतं म्हणून. माझ्या वॉर्डातले अर्धे पेशंट ओठ न हलवता कण्हायचे, त्यांना कुणी शाल दिली नाही.

उकंडा बाळापूरच्या एका सुताराने घडवलेला. जबडा सागवानी, केस खऱ्या माणसाचे, कुणाचे ते विचारू नये. नाव असं का, तर ओठ न मिटता म्हणता येतं. त्याच कारणाने तो मला 'सिस्टर' म्हणतो आणि प्रियदर्शनीला 'दीदी'. तिचं नाव घ्यायचं तर पहिल्याच अक्षराला ओठ मिटावे लागतात. लहानपणी ती मला विचारायची, उकंडादादाला माझं नाव येत नाही का. आता विचारत नाही.

हे टायफॉइडने माझ्या वॉर्डात होते तेव्हा उकंडा उशाशी. मी इंजेक्शन द्यायला गेले की हे भिंतीकडे पाहायचे आणि तो बोलायचा. डिस्चार्जच्या दिवशी तो म्हणाला, "सिस्टर, हा दिसते तसा दगड नाही. घरी न्या, हळूहळू उकलन." मी तेवीस वर्षांची होते, हसले. एकतीस वर्षं झाली, अजून काही उकललं नाही. भांडण झालं की चूक कबूल करायलाही उकंडाच येतो. कागदोपत्री नवरा हे, बोलाचाली त्याच्याशी.

११ जानेवारी

अकोटला कापसाच्या जिनिंगवाल्यांचं स्नेहसंमेलन होतं. वीसेक वर्षांनी यांच्या खेळाला गेले, हेतू एकच. वाटेत एसटीत सांगायचं होतं की दोन तारखेला स्वतः बोला. सांगितलं. हे खिडकीबाहेर तुरीकडे पाहत म्हणाले, "पाहू."

'पाहू' हा यांचा सगळ्यात मोठा संवाद.

खेळाबद्दल काय लिहू. आठशे माणसं, आणि समोर एक लाकूड. संस्थेच्या माजी अध्यक्षांकडे मान वळवून उकंडा म्हणाला, "याले घरी जाऊन चार साल झाले, खुर्ची आजून चिकटून हाय. जिथं जाते तिथं संगं नेते. रस्त्यात टेकाचं असन तर चिंताच नाही." लोकांनी शिट्या वाजवल्या. शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती, ओळख ना पाळख. ते अध्यक्ष तर सगळ्यांत जास्त खूश. यांच्या खेळात उकंड्याने ज्याला टोचलं नाही तो मोठा माणूसच नाही, अशी या भागात समजूत आहे. मला एकदाही हसू आलं नाही. सगळं आधी ऐकल्यासारखं, शिळं. या भाकड बोलण्याला लोक कला म्हणतात.

१३ जानेवारी

केलं.

हे आंघोळीला गेले तेव्हा मी पेटी उघडून उकंड्याला बाहेर काढलं आणि स्वयंपाकघरातल्या गव्हाच्या कोठीत घातलं. आधी जुन्या धोतरात गुंडाळलं. कडुलिंबाचा पाला वरून पसरला, गव्हाला घालतो तसा. मान आत जाईना, ती वाकवावी लागली. झाकण लावताना त्याचे डोळे उघडेच होते, ते मिटायला मागे दोरी असते हे मला माहीत आहे, पण ओढली नाही.

याला चोरी म्हणत नाहीत. सवय सोडवायची तर बाटली लपवावी लागते, इतकी साधी गोष्ट. वीस दिवस आहेत. काठी काढून घेतली की माणूस चालायला लागतो, हाडाच्या वॉर्डात मी हे रोज पाहिलंय.

दहावीत प्रियदर्शनी तालुक्यात पहिली आली होती. सत्काराला यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर उकंडा बोलला. "घरात दोन शहाण्या, तिसरा लाकडाचा, चौथा त्याच्याहून लाकडाचा." हॉल खदखदून हसला. पोरगी नंतर बराच वेळ बाथरूममध्ये होती, नळ सोडून. यांनी तिला आजवर स्वतःच्या तोंडाने शाबासकी दिलेली नाही. तिला तेवढंच हवं आहे, आणि दोन तारखेनंतर ती अर्धी सासरची होईल.

१५ जानेवारी

काल तिळगुळाच्या कार्यक्रमासाठी यांनी पेटी उघडली. मी पोळ्या लाटत होते. मग रिकामी पेटी हातात घेऊन दारात उभे राहिले. मी म्हटलं, "अकोटच्या गाडीत राहिला असन." हे म्हणाले, "पेटीत ठेवला होता म्या." मी म्हटलं, "मंग पेटीतून उतरून गेला असन, कंटाळून."

आज पहाटेच्या गाडीने अकोटला गेले. डेपोत विचारलं, जिनिंगवाल्यांच्या चौकीदाराला विचारलं, परतवाड्याच्या डेपोतही उतरून विचारलं. संध्याकाळी आले, चपला काढल्या, जेवले नाहीत. माझ्या वॉर्डात मुलगा गेलेले बाप पाहिलेत मी. अगदी तसे बसले होते. एका लाकडासाठी. मला किळस आली.

थोडं वाईटही वाटलं, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. पण कोठी उघडली नाही.

१९ जानेवारी

दर रविवारसारखं दळण आणून दिलं यांनी. पीठ जरा जाड आलंय.

आज दोन वेळा जेवले. भाजी मागून घेतली. दुपारी झोपले. उकंड्याचं नाव नाही, डेपोला फोन नाही. म्हणजे चार दिवसांत दुःख संपलं. एकतीस वर्षं ज्याच्या पायी मी याच घरात परकी झाले, त्याच्यासाठी या माणसाला पाचवा दिवसही रडता आलं नाही. उद्या मी गेले तर किती दिवसांत भाजी मागतील, याचा अंदाज आला.

२३ जानेवारी

घरात फार शांतता आहे. ही शांतता पूर्वीही होती असं मला वाटायचं, पण नव्हती. दोन दिवसांआड काही ना काही निमित्ताने तो यायचा. चहात साखर कमी पडली तर यायचा. मला ताप आला तर उशाशी बसून माझेच जुने बोल मला ऐकवायचा, "सिस्टर, गोळी घ्या, नाहीतर सुई आनतो."

आज हे बाजारात गेल्यावर कोठी उघडली. पाहायलाच, ओल लागली का ते. त्याच्या गळ्याभोवती यांचा तपकिरी मफलर होता. धोतरासोबत मीच गुंडाळला असेल, आठवत नाही. मान सरळ होती, ती मी वाकवली होती असं वाटतंय. मी त्याला म्हटलं, "काय रे, बोलत काहून नाहीस आता?" मग स्वतःचीच लाज वाटली. शेजारच्या माणिकबाईंनी खिडकीतून पाहिलं असतं तर सगळ्या कॉलनीत झालं असतं.

२५ जानेवारी

यांच्या चेहऱ्याला काहीतरी झालंय. सकाळी आरशासमोर उभे राहून तोंड वाकडंतिकडं करत होते. ओठ मिटायचे, उघडायचे, मोठा आ करायचे. मी घाबरले. लकव्याची सुरुवात अशी होते. लगेच बीपी घेतलं, हात वर करायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली. सगळं ठीक. विचारलं तर म्हणाले, "काही नाही वं. ओठ आखडले होते."

गच्चीवरूनही पुटपुटण्याचा आवाज येतो. वाढत्या वयाचं लक्षण. डॉक्टरांना दाखवायचं साखरपुड्यानंतर.

२९ जानेवारी

जानरावांचा फोन. तीनशे लोकांना जेवण सांगितलंय आणि फलकावर छापलंय, 'विशेष आकर्षण: शब्दभ्रमकार देवानंद आणि त्यांचा उकंडा'. मुलीचा साखरपुडा आहे की जत्रा, असं मी विचारणार होते, पण विहिणीचा धर्म म्हणून गप्प बसले. मी सांगितलं, बाहुला हरवला. ते हसले. "वैनी, कलावंत लोकांइच्या अशाच गमती राह्यते. घेऊन या."

फोन ठेवला. तीनशे माणसांसमोर हा माणूस उभा राहणार आणि तोंडातून शब्द निघणार नाही. पोरीचं हसं होईल, आणि ते मी केलेलं असेल. कोठीपर्यंत गेले. झाकणावर हात ठेवला. तेवढ्यात प्रियदर्शनीचा फोन आला, साडीच्या रंगाचं विचारत होती. शेवटी म्हणाली, "बाबा काही म्हनले का?" मी म्हटलं, "तयारी करून राहिले." हे मी खोटं बोलले. पण मग झाकण उघडलं नाही.

३ फेब्रुवारी

काल रात्री लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं नीट, क्रमाने लिहिते.

अकोल्यातला हॉल मोठा होता. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या प्रतिमांना वंदन झालं, अंगठ्या झाल्या, जानरावांनी माईक हातात घेऊन पंधरा मिनिटं स्वतःच्या सेवाकाळाबद्दल सांगितलं. त्यात मुलाचं नाव एकदा आलं. मग म्हणाले, "आता ज्याची आपण वाट पाहून राहिलो."

हे उठले. हात रिकामे. पांढरा शर्ट मीच इस्त्री केलेला, कॉलर एका बाजूने वर आलेली. माईकसमोर उभे राहिले आणि गप्प. मी मनात मोजत होते, नाडी मोजतो तसं. चाळीसपर्यंत मोजलं. मागून कुणी ओरडलं, "उकंडा कुठं हाय?" हशा पिकला.

मग हे बोलले. ओठ हलवून. आवाज इतका बारीक की पहिल्या दोन रांगांपुढे गेला नसेल.

"जय भीम. मी देवानंद. प्रियदर्शनी माही पोरगी हाय." थांबले. "प्रियदर्शनी दहावीत पयली आली, तवा मले लय बरं वाटलं होतं. म्या तिले सांगतलं नाही. बारा वरस झाले. तेच सांगाले उभा राह्यलो."

एवढंच. खाली येऊन बसले. प्रियदर्शनी स्टेजवरच्या खुर्चीतून उठली, नव्या साडीचा पदर सावरत यांच्याजवळ आली आणि खाली बसून यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. मी दुसरीकडे पाहिलं.

आणि ते तीनशे लोक! मागे कुजबुज सुरू झाली. कुणी टाळीही वाजवली नाही. "हे काय झालं", "बाहुला आना ना बाप्पा", "फुकट आलो एवढ्या लांबून". जानरावांनी पुन्हा माईक घेतला. "देवानंदजींची तब्येत आज जरा बरी दिसत नाही. पुढल्या वेळी बाहुल्यासह येतील, अशी मी ग्वाही देतो."

मी कधी उठले आणि माईक कधी घेतला, मला कळलं नाही.

"काहून, पोरीचा बाप बोलला हे पुरलं नाही तुमाले? तहसीलदार सायेब, तीस वरस तुमी लोकाइले 'उद्या या' म्हनत आले. आज एक मानूस आजच आला, तं तुमाले झेपून नाही राहिलं? तब्येत त्याची चांगली हाय, मी सिस्टर हाओ, मले नका सांगू. अन् बाहुला पाहाचा असन तं घरी जाऊन आरसा पाहा. हार घातला का मान हलवते, माईक देला का तोंड उघडते, खाली ठेवला का रुसते."

हॉल फुटला. माणसं खुर्च्या मागे सारून हसत होती. शिट्या, टाळ्या. जानराव सगळ्यांत मोठ्याने हसत होते, पोट धरून, मानाचं पान मिळाल्यासारखे. पहिल्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अवं, हा तं उकंडाच बोलून राहिला."

मी यांच्याकडे पाहिलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून हे माझ्याकडे पाहत होते आणि यांचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. माझं वाक्य. "अन् मांगच्यायहो," हे मागे बसलेल्यांना मी म्हणायच्या आधीच यांच्या ओठांवर आलं होतं. पुढचं मी म्हटलंच नाही. माईक खाली ठेवला.

म्हातारी चुकली होती. मी उकंड्यासारखी बोलले नाही. तो एकतीस वर्षं माझ्यासारखा बोलतोय. ती छत्री माझी, ती खुर्ची माझी. स्वयंपाकघराच्या दारात बसून हे लसूण सोलत होते आणि ऐकत होते. ज्या बोलण्याला मी भाकड म्हटलं, शिळं म्हटलं, ते सगळं माझ्याच तोंडचं होतं. मस्कतपर्यंत नेऊन आणलं आणि मला पत्ता नाही. मला भयंकर राग आला. चोरीचा थोडा, आणि याचा जास्त, की आठशे माणसं ज्यावर हसली त्यावर अकोटला मी एकटी हसले नाही. इतकी मी स्वतःला ओळखत नव्हते.

परत येताना मूर्तिजापूरला उतरून चहा घेतला, तेवढंच.

आज सकाळी मी कोठीचं झाकण उघडलं, उकंड्याला बाहेर काढलं, त्याच्या कानातले गहू झाडले आणि यांच्यासमोर टेबलावर बसवलं. आता जे व्हायचं ते होवो म्हटलं. हे म्हणाले, "मफलर राहू दे त्याच्या गळ्यात. थंडी हाय अजून."

"तुमाले ठाऊक होतं?"

"दळन कोन नेते वं?"

तीस वर्षं दर रविवारी गहू हेच काढतात आणि चक्कीवर हेच नेतात, आणि मी लपवायला जागा शोधली ती. मी कपाळावर हात मारला.

"मंग काढला काहून नाही?"

"तुनं ठेवला होता. मले वाटलं, काही कारन असन."

मी चहा ठेवला. आलं किसलं. पाठ यांच्याकडे होती. मागे खुर्ची सरकली, मला वाटलं उकंड्याला मांडीवर घेतलं असेल आणि आता तो काहीतरी बोलेल. मी वाट पाहत होते, तो काय म्हणेल याची. पण आवाज यांचाच आला, कालच्यासारखाच बारीक.

"सादना, काल बरं बोललो का मी?"

एवढी मोठी मानचिन्हं भिंतीवर असलेला माणूस हे मला विचारत होता, आणि माझं नाव घेऊन. मी गॅस बारीक करून वळले.

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, दुसऱ्या रांगेच्या मागे कुणालाच ऐकू गेलं नाही. मग म्हटलं, पोरीला गेलं. मलाही गेलं.